दोन सूर्योदयांचा मार्ग

अंतर मैलांनी मोजावे की दिवसांनी? आमच्या बालपणीच्या वृद्ध माणसांपुढे हा प्रश्न कधी पडला नाही. अमुक गाव किती लांब, असे विचारले तर 'अर्ध्या दिवसाची वाट' किंवा 'सकाळी निघालात तर दिवेलागणीला पोहोचाल' असेच उत्तर मिळे. मैलांचा आकडा त्यांच्या तोंडी क्वचितच येई. आज विमानाच्या तिकिटावर तासांचा हिशेब मिनिटांपर्यंत छापलेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यामधील अंतर १४,४९८ किलोमीटर आहे आणि ते कोठेही न थांबता कापण्यास सुमारे १७ तास लागतात. या दोन आकड्यांपैकी पहिला बदललेला नाही. दुसरा मात्र पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलला आणि त्या प्रत्येक बदलापायी कोणी ना कोणी मोल मोजलेले आहे. त्या बदलांचा इतिहास येथे थोडक्यात मांडावा, असा आमचा हेतू आहे.

प्रथम नकाशाविषयी दोन शब्द. भिंतीवरच्या सपाट नकाशावर लंडन आणि पर्थ यांना जोडणारी रेघ ओढली तर ती खरा जवळचा मार्ग दाखवत नाही. त्यासाठी शाळेतील पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोके धरून तो ताणावा. आम्ही हा खेळ करून पाहिला आणि नंतर गणितानेही तो पडताळला. लंडनहून निघालेला दोरा बेल्जियममधील अँटवर्प व पुढे प्राग या शहरांवरून जातो, ओडेसाजवळ काळ्या समुद्रात उतरतो, आर्मेनिया ओलांडतो आणि तेहरानच्या माथ्यावरून अरबी समुद्राकडे वळतो. नंतर कोकणाला समांतर खाली येत गोव्याच्या दक्षिण किनाऱ्याला तो स्पर्श करतो, श्रीलंकेत कँडीच्या आसपास पोहोचतो आणि तेथून हिंदी महासागर तिरपा ओलांडून पर्थला जाऊन टेकतो. काणकोणच्या एखाद्या मच्छीमाराला आपल्या डोक्यावरून लंडन-पर्थ हा सरळ मार्ग जातो असे सांगितले, तर तो आमच्याकडे संशयानेच पाहील. पण गोष्ट खरी आहे. या दोऱ्यावरील तेहरान, ओडेसा आणि श्रीलंका ही नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत, कारण पुढे त्यांच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

विमानापूर्वीच्या काळात हे अंतर म्हणजे काय होते, याची साक्ष दोन स्पॅनिश मठवासी देतात. बेनेडिक्ट संघाचे फादर रोसेंदो साल्वादो आणि फादर जुझे सेर्रा हे पर्थचे पहिले बिशप जॉन ब्रेडी यांच्यासमवेत सप्टेंबर १८४५ मध्ये लंडनहून 'इसाबेला' या शिडाच्या जहाजाने निघाले आणि जानेवारी १८४६ मध्ये फ्रीमँटल बंदरात उतरले. हा प्रवास ११३ दिवसांचा होता. पर्थच्या उत्तरेस सुमारे १३० किलोमीटरवर त्यांनी जे मिशन उभारले, तेच न्यू नॉर्सियाचा मठ म्हणून प्रसिद्धीस आले. पहिल्याच वर्षी शिधा संपला, तेव्हा साल्वादो पायी चालत पर्थला आले आणि फाटक्या झग्यानिशी पियानो वाजवून त्यांनी मिशनसाठी पैसे जमवले. ते उत्तम वादक होते. आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे ते ११३ दिवसच आहेत. न्यू नॉर्सियात लिहिलेले पत्र युरोपात पोहोचायला चार महिने आणि उत्तर यायला आणखी चार. कोणाची आई निवर्तल्याची वार्ता मुलाला कळे, तेव्हा तिच्या थडग्यावर गवत उगवलेले असे. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, वाफेची जहाजे धावू लागली आणि हा काळ महिन्याभरावर आला. पुढची पन्नास वर्षे त्यात फारसा फरक पडला नाही.

आकाशमार्गाचा आरंभ पहिल्या महायुद्धानंतर झाला. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांनी १९१९ मध्ये एक स्पर्धा जाहीर केली. जे ऑस्ट्रेलियन वैमानिक ब्रिटिश बनावटीच्या विमानातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला ३० दिवसांच्या आत प्रथम पोहोचतील, त्यांना १०,००० पौंडांचे इनाम होते. रॉस स्मिथ आणि कीथ स्मिथ हे दोघे बंधू, जेम्स बेनेट आणि वॉली शायर्स या दोन यंत्रज्ञांना घेऊन, १२ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथ येथून निघाले. त्यांचे 'व्हिकर्स व्हिमी' विमान मूळचे बाँबफेकी होते. त्याला छत नव्हते आणि चौघेही उघड्यावर बसून कुडकुडत होते. विमानावर 'जी-ईएओयू' अशी नोंदणीची अक्षरे होती. 'देवा, आम्हा सर्वांना तार' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ही आद्याक्षरे आहेत, असा विनोद त्यांनीच केला होता. प्रार्थना इतकी आटोपशीर क्वचितच झाली असेल.

कैरो, बगदादचा परिसर, बंदर अब्बास, कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून, बँकॉक, सिंगापूर असे टप्पे घेत ते जावा बेटावरील सुराबाया येथे पोहोचले. तेथील मैदान वरून कोरडे आणि आतून चिखलाचे होते. विमानाची चाके रुतली. तेव्हा तेथील रहिवाशांनी घरोघरच्या बांबूच्या चटया आणून मैदानावर अंथरल्या आणि त्या चटयांच्या धावपट्टीवरून विमान उडाले. ज्यांच्या घरातून त्या चटया आल्या, त्यांपैकी एकाचेही नाव इतिहासाने नोंदवलेले नाही. याची आम्हांला खंत वाटते. पुढे तिमोर बेटावरून समुद्र ओलांडताना वाटेत 'सिडनी' ही युद्धनौका मदतीसाठी उभी करून ठेवलेली होती. १० डिसेंबर १९१९ रोजी विमान डार्विनला उतरले. १७,९११ किलोमीटरच्या या प्रवासास २८ दिवसांहून काही तास कमी लागले. प्रत्यक्ष आकाशात घालवलेला वेळ सुमारे १३६ तासांचा होता. म्हणजे ताशी सरासरी १३० किलोमीटर. आज महामार्गावर काही बेदरकार तरुण मोटारी याच वेगाने हाकतात.

या स्पर्धेत उतरलेल्या दोन विमानांतील चार तरुण वाटेतच मरण पावले. विजयी झालेले रॉस स्मिथ आणि बेनेट हेही १३ एप्रिल १९२२ रोजी एका नव्या विमानाची चाचणी घेताना इंग्लंडमध्ये अपघातात गेले. ते व्हिमी विमान ॲडलेड विमानतळावर जतन करून ठेवलेले आहे.

पुढील दशकात एकट्याने उडणारे वीर निघाले. १९२८ मध्ये बर्ट हिंकलर साडेपंधरा दिवसांत लंडनहून डार्विनला गेला. १९३० च्या मे महिन्यात एमी जॉन्सन ही २६ वर्षांची इंग्लिश युवती 'जेसन' नावाच्या छोट्या विमानातून साडेएकोणीस दिवसांत पोहोचली. वाटेत इंधन संपत आल्याने ती झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरली होती. हे सारे धाडस खरे, परंतु धाडसावर सामान्य माणसाचा प्रवास चालत नाही. त्यासाठी वेळापत्रक लागते.

ते वेळापत्रक 'इंपीरियल एअरवेज' या कंपनीने आणले. ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची ही साप्ताहिक सेवा सुरू झाली. सात दिवसांचा प्रवास आणि १३० पौंड भाडे. यात गंमत अशी, की प्रवासी लंडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधील बासेलला जात, तेथून रेल्वेने जिनोआला, जिनोआहून जलविमानाने अलेक्झांड्रियाला आणि कैरोहून पुन्हा जमिनीवरच्या विमानाने कराचीला. आकाश सर्वांचे असले तरी त्याखालची जमीन कोणाची तरी असते, हे कंपनीला लवकरच उमगले. आरंभी विमाने इराणच्या किनाऱ्याने येत असत. इराण सरकारने ती परवानगी पुढे चालू ठेवली नाही, म्हणून १९३२ मध्ये सारा मार्ग आखातापलीकडच्या अरब किनाऱ्यावर हलवावा लागला. शारजाच्या वाळवंटात प्रवाशांच्या मुक्कामासाठी किल्ल्यासारखे विश्रामगृह बांधण्यात आले. आज ज्या आखाती शहरांकडे आपली मुले नोकरीसाठी धाव घेतात, त्यांतील एकाच्या हवाई वाहतुकीची सुरुवात ही अशी शेजाऱ्याच्या नकारातून झाली.

या मोठ्या वाटेवर मुंबई नव्हती, ही बाब आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. विमान कराचीहून थेट दिल्ली-कलकत्त्याकडे जाई. विलायतेची हवाई टपाल कराचीला उतरे आणि मुंबईला रेल्वेने येई. ही उणीव जे. आर. डी. टाटा यांनी भरून काढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादला इंधन भरून, ते आपल्या 'पुस मॉथ' विमानाने जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. भारतीय हवाई वाहतुकीचा हा आरंभ लंडनहून येणाऱ्या त्या पत्रांना गाठण्यासाठी झाला, हे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

१९३३ मध्ये मूळ मार्ग कलकत्त्याला आणि त्याच वर्षअखेरीस सिंगापूरला पोहोचला. सिंगापूरहून पुढची जबाबदारी 'क्वांटास' या ऑस्ट्रेलियन कंपनीने घेतली. एप्रिल १९३५ पासून लंडनहून ब्रिस्बेनपर्यंत प्रवासी नेले जाऊ लागले. प्रवास साडेबारा दिवसांचा, भाडे १९५ पौंड. रात्री विमान उडत नसे. प्रवासी संध्याकाळी उतरून स्नान-भोजन करीत, पलंगावर झोपत आणि पहाटे पुन्हा विमानात बसत. मधला पॅरिस ते ब्रिंडिसी हा पल्ला रेल्वेनेच पार करावा लागे.

१९३८ मध्ये संपूर्ण मार्गावर मोठी जलविमाने आली. ती साउदॅम्प्टनच्या पाण्यातून उडत आणि नऊ-दहा दिवसांनी सिडनीच्या रोझ बे या खाडीत उतरत. जलविमानाला धावपट्टी नको, शांत पाणी हवे. म्हणून भारतात कराचीनंतर त्यांचे थांबे होते राजस्थानातील राजसमंद तलाव, ग्वाल्हेर संस्थानातील तलाव, अलाहाबादची नदी आणि कलकत्त्याजवळ हुगळीचे पात्र. राजसमंदच्या संगमरवरी घाटांवर धुणे धुणाऱ्या स्त्रियांच्या देखत लंडनहून आलेले दुमजली विमान पाण्यावर उतरत असेल, तेव्हा त्यांना काय वाटले असेल? त्यांचे मनोगत कोणी लिहून ठेवलेले आमच्या पाहण्यात नाही.

हा सुखाचा काळ चार वर्षेही टिकला नाही. जपान युद्धात उतरला आणि ३० जानेवारी १९४२ रोजी तिमोरजवळ क्वांटासचे 'कोरिओ' हे जलविमान जपानी लढाऊ विमानांनी पाडले. त्यातील १८ जणांपैकी १३ जण मृत्युमुखी पडले. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. ३ मार्चला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरात, जावाहून पळून आलेल्या स्त्रिया-मुलांनी भरलेली जलविमाने पाण्यावर उभी असतानाच जाळली गेली. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मार्ग मधोमध तुटला. जावा, सुमात्रा, मलाया, ब्रह्मदेश हा सारा पट्टा शत्रूच्या हाती होता. आता ऑस्ट्रेलियाहून पश्चिमेकडे जायचे तर एकच दिशा मोकळी होती. ती म्हणजे हिंदी महासागराच्या उघड्या पाण्यावरून, मध्ये कोठेही न थांबता, थेट सिलोनला.

सिलोनच्या दक्षिण टोकाजवळ, गॉल शहराच्या पूर्वेस, कोग्गला नावाचे सरोवर आहे. युद्धकाळात तेथे ब्रिटिश हवाईदलाच्या जलविमानांचा तळ होता. ४ एप्रिल १९४२ रोजी याच तळावरून गस्तीवर गेलेले कॅनडाचे वैमानिक लेनर्ड बर्चल यांना सिलोनकडे येणारे जपानी आरमार दिसले. त्यांचे विमान पाडले गेले आणि ते कैद झाले, पण त्यापूर्वी बिनतारी संदेश गेला होता. दुसऱ्या दिवशी, ऐन ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बाँबहल्ला झाला. त्या वेळी बेट किमान जागे होते.

या कोग्गलापासून पर्थच्या स्वान नदीपर्यंतचे अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर आहे. क्वांटासने जुलै १९४३ पासून या दोन पाण्यांमध्ये नियमित सेवा सुरू केली. त्यासाठी 'कॅटलिना' जातीची पाच जलविमाने मिळाली. या विमानाचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर, त्यामुळे प्रवासाला २७ ते ३३ तास लागत. एवढ्या तासांचे इंधन नेण्यासाठी विमानातील अनावश्यक सामान काढून टाकून जादा टाक्या बसवल्या. मग जागा उरली ती फक्त तीन प्रवाशांना आणि ६९ किलो टपालाला. पत्रांची छायाचित्रे मायक्रोफिल्मवर घेऊन ती पाठवली जात. तीन माणसे आणि ६९ किलो कागद! पण त्या तिघांत युद्धाची आखणी करणारे अधिकारी असत आणि त्या कागदांत आघाडीवरच्या मुलांचे क्षेमकुशल असे.

धोका दुहेरी होता. इंधनाने ठासून भरलेले विमान इतके जड असे, की उड्डाणानंतरच्या पहिल्या कित्येक तासांत एक इंजिन बंद पडले असते तर उरलेल्या एका इंजिनावर ते हवेत टिकले नसते. दुसरा धोका शत्रूचा. विमानात एकही शस्त्र नव्हते. म्हणून निघण्याची वेळ अशी साधली जाई, की जपानी गस्तीच्या टापूतून जाताना काळोख असावा. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून बिनतारी यंत्रही मुके ठेवलेले असे. खाली सलग पाणी, दिवा नाही, खूण नाही, कोणाशी बोलणे नाही. मार्ग शोधायचा तो सेक्स्टंटने ताऱ्यांची उंची मोजून. म्हणूनच बहुधा त्या पाच विमानांना ताऱ्यांची नावे दिली होती: आल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस आणि स्पायका. आपल्या पंचांगातील हे जुने ओळखीचे तारे. आल्टेअर म्हणजे श्रवण, व्हेगा म्हणजे अभिजित, अँटारेस म्हणजे ज्येष्ठा, स्पायका म्हणजे चित्रा, आणि रायजेल म्हणजे मृगातील राजन्य. पेरणीचा मुहूर्त सांगणारी आणि समुद्रावरच्या कोळ्याला दिशा दाखवणारी ही मंडळी त्या काळात तीन अनोळखी प्रवाशांना महासागरापार नेत होती.

एकाच प्रवासात विमानातील लोकांना दोन सूर्योदय दिसत. त्यावरून या सेवेला 'दुहेरी सूर्योदय' असे नाव पडले. प्रवाशाला उतरल्यावर एक प्रमाणपत्र दिले जाई. त्यात, आपण चोवीस तासांहून अधिक काळ आकाशात राहिल्यामुळे 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त संघा'चे सभासद झाला आहात, असा मजकूर असे. गुप्त संघाच्या सभासदाला लेखी दाखला देणे आम्हांला मोठे मजेचे वाटते. ब्रिटिशांची विनोदबुद्धी संकटात अधिक तल्लख होत असावी.

१९४३ च्या अखेरीस ही विमाने कोग्गलाच्या पुढे कराचीपर्यंत जाऊ लागली. तेथून लंडनची जुनी वाट पुन्हा हाती आली. जून १९४४ पासून मोठी 'लिबरेटर' विमानेही या महासागरावरून उडू लागली. 'कांगारू सर्व्हिस' हे नाव आणि विमानावरील कांगारूचे चिन्ह त्याच सेवेपासूनचे. कॅटलिनांची शेवटची फेरी जुलै १९४५ मध्ये झाली. दोन वर्षांत त्यांनी २७१ वेळा महासागर ओलांडला आणि एकाही फेरीत एकही जीव गमावला नाही. युद्ध संपल्यावर ही विमाने मात्र वाचली नाहीत. ती अमेरिकेने उसन्या करारावर दिलेली होती. युद्धानंतर ती वापरात ठेवता येत नव्हती, म्हणून खोल समुद्रात नेऊन बुडवण्यात आली. कराराच्या कलमांना कृतज्ञता ठाऊक नसते.

आता वाचकांनी पुन्हा एकदा त्या दोऱ्याकडे पाहावे. लंडन-पर्थ सरळ रेषा श्रीलंकेवरून जाते, हे वर आलेच आहे. त्या वैमानिकांनी नाइलाजाने, शत्रूला टाळण्यासाठी जो मार्ग निवडला, तोच पृथ्वीच्या गोलावरील जवळचा मार्ग होता. शांततेच्या काळातील विमाने सिंगापूर-जावाचा वळसा घेत होती. सरळ वाट युद्धाने दाखवली.

युद्धोत्तर काळाचा इतिहास बहुतेकांना परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात उरकतो. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासचे 'कॉन्स्टेलेशन' विमान २९ प्रवाशांसह सिडनीहून लंडनला निघाले. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत ते चार दिवसांत पोहोचले. जाण्यायेण्याचे भाडे ५८५ पौंड होते. तेथल्या सामान्य कामगाराची वर्षभराची मजुरीही त्याला पुरली नसती. पुढल्याच वर्षी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९५९ मध्ये जेट विमाने आली आणि प्रवासाचे दिवस संपून तास सुरू झाले. १९७१ मध्ये क्वांटासने जंबो जेट घेतले. त्यानंतर भाडी हळूहळू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आमच्या मते वेगापेक्षा हा बदल मोठा होता. अंतर खऱ्या अर्थाने कमी झाले ते तिकीट स्वस्त झाल्यावर.

तरीही मधला थांबा सुटत नव्हता. १६ ऑगस्ट १९८९ रोजी एक जंबो जेट लंडनहून सिडनीला एकदाही न थांबता निघाले आणि २० तास ९ मिनिटांनी पोहोचले. पण तो पराक्रम होता, सेवा नव्हती. त्यात भाडे भरणारा एकही प्रवासी नव्हता आणि टाक्यांत खास दाट इंधन भरले होते. थोडेही इंधन वाया जाऊ नये म्हणून ते विमान धावपट्टीच्या तोंडापर्यंत ओढून नेले होते.

सामान्य प्रवाशांसाठी थेट मार्ग खुला व्हायला आणखी २९ वर्षे लागली. २४ मार्च २०१८ च्या शनिवारी संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, एक बोइंग ७८७ विमान पर्थहून उडाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, हीथ्रोवर उतरले. तो झावळ्यांचा रविवार होता. सुमारे १७ तासांच्या या प्रवासात प्रवाशांना एकही सूर्योदय दिसला नाही. विमान पश्चिमेकडे जात होते, म्हणून रात्र त्याच्याबरोबर लांबत गेली. जेथे एकेकाळी अर्धी वाट कापताना दोन सूर्योदय होत, तेथे आता संपूर्ण वाट एका रात्रीत मावते.

येथे एक शंका येईल. अंतर तेच, विमान तेच, मग जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा का? कारण वाऱ्याचे आहे. विमाने ज्या उंचीवर उडतात, तेथे मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. लंडनहून पर्थकडे येताना ते पाठीशी असतात आणि परतताना समोर. त्यामुळे दोन प्रवासांत अर्ध्या-पाऊण तासाचा किंवा त्याहून अधिक फरक पडतो. वैमानिक रोज वाऱ्याचा अंदाज पाहून मार्ग आखतात. आम्ही ताणलेला दोरा हा केवळ आदर्श होय.

त्या आदर्शाला वाऱ्यापेक्षा माणसांचाच अडथळा अधिक होतो. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बंद केल्या. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने तर मार्च २०२२ पर्यंत दार किलकिलेच ठेवले होते. १७ तासांचे अंतर त्या दोन वर्षांत अमर्याद झाले. वसई-मुंबईकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांतील मुले-मुली मेलबर्न, सिडनी, पर्थ येथे स्थायिक झाली आहेत. एरवी एखाद्या घरी मयत झाले, की परदेशातील लेक पोहोचेपर्यंत शवपेटी थांबवून ठेवण्याचा प्रघात आता आमच्या अंगवळणी पडला आहे. 'उद्या रात्रीच्या विमानाने येतो' हा निरोप आला, की आम्ही अंत्यविधीची वेळ ठरवतो. त्या दोन वर्षांत असे निरोप आले नाहीत. आईबापांच्या दफनाचा विधी मुलांनी फोनच्या पडद्यावर पाहिला. साल्वादोंच्या काळातील माणसाला निदान निरोपच उशिरा मिळे. या मुलांना तो त्याच क्षणी मिळाला आणि तरीही येता आले नाही.

पर्थ-लंडन सेवा मे २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर युक्रेनमध्ये युद्ध पेटले होते आणि दोऱ्यावरील ओडेसाचे आकाश नागरी विमानांना बंद झाले होते. पुढे एप्रिल २०२४ मध्ये इराण आणि इस्राएल यांच्यातील संघर्ष भडकला. तेहरानचे आकाश टाळायचे तर वळसा मोठा आणि समोर वारा. तेव्हा पर्थहून लंडनला जाणारे विमान काही काळ सिंगापूरला इंधनासाठी थांबू लागले. लंडनहून पर्थला येणारे मात्र पाठच्या वाऱ्याच्या बळावर न थांबताच येत राहिले. १९३२ मध्ये इराणचा किनारा सोडून शारजाला गेलेल्या कंपनीची येथे आठवण होते. ब्याण्णव वर्षांत विमानाचा वेग कितीतरी पटींनी वाढला, पण तेहरानवरून जायचे की नाही, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

क्वांटासने आता सिडनी-लंडन हे सुमारे १७,००० किलोमीटरचे अंतर न थांबता पार करण्याचा बेत केला आहे. त्यासाठी २०२२ मध्ये १२ एअरबस ए-३५० विमानांची मागणी नोंदवण्यात आली. कॅटलिनांच्या त्या फेऱ्यांची आठवण ठेवून कंपनीने या योजनेला 'सनराइज' असे नाव दिले आहे. त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मोजक्या लोकांना घेऊन लंडनहून सिडनीपर्यंत एक चाचणी उड्डाण झाले. झोप, भूक आणि थकवा यांचा माणसावर काय परिणाम होतो, हे त्यात तपासले गेले. विमान लंडनहून पहाटेच्या अंधारात निघाले आणि १९ तास १९ मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी दुपारी, सिडनीला उतरले. या वेळी दिशा पूर्वेची होती. विमानातील मंडळींनी दोन सूर्योदय पाहिले.